साडेबावीस किलोमीटरवरचा वारा

४ ऑगस्ट

प्रिय भावजी,

तुम्हाला आणि माझ्या धाकट्या जावेला आशीर्वाद. पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुमच्या दादांचा गुडघा तेवढा सोडून द्यायचा. तो आता घरातला एक माणूसच झाला आहे, सकाळी उठल्यावर आधी त्याची विचारपूस करावी लागते.

खरं तर फोनच करणार होते. केलाही. धाकटी म्हणाली, तुम्ही काच कापताय, मध्ये उठता येत नाही. दुपारी केला तर जेवत होतात. संध्याकाळी केला तर आंघोळीला गेला होतात. गेली नऊ वर्षं मी फोन केला की तुम्ही आंघोळीला जाता. इतका स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात दुसरा झाला नसेल. तेव्हा म्हटलं, कागदच बरा. कागदाला आंघोळीचं निमित्त चालत नाही.

विशेष असं काही नाही. गेल्या आठवड्यात आपल्या हवामान केंद्रावरच्या नव्या साहेबांनी एका मुलीला माझ्याकडे पाठवलं होतं. तिशीची असेल. पाठीला पिशवी, पायांत धावायचे बूट, आणि बोलायला लागली की थांबत नाही. ती वरच्या वाऱ्यांचा अभ्यास करते. आपल्या फुग्यांच्या जुन्या वह्या तिनं तळघरातून काढून घेतल्या आहेत आणि एकेक पान तपासते आहे. निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली, पण संध्याकाळच्या सगळ्या वह्यांवर माझीच सही, त्यामुळे शोधत आली.

तिनं नऊ वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीबद्दल विचारलं. संध्याकाळचा फुगा कोण सोडायचं, सकाळचा कोण, वगैरे. मी म्हटलं, संध्याकाळी मी असायचे. सकाळी दुसरं कुणीतरी होतं, हंगामी. तुम्ही माझे दीर, हे मी बोलले नाही. तुमचं नावही घेतलं नाही. कशाला जुनं उकरून काढायचं, तुम्हालाच त्रास. आता वय झालं, काही आठवत नाही, असं सांगून चहा पाजला आणि वाटेला लावलं.

एवढंच कळवायचं होतं की, तिनं तुम्हाला कुठून तरी शोधून काढलंच, तर फार बोलत बसू नका. आठवत नाही म्हणा. तुमचं तिकडे छान बस्तान बसलं आहे, ते बसलेलंच राहू द्या.

धाकटीला सांगा, तिनं पाठवलेला स्वेटर मला दंडाला घट्ट होतो, पण मी घालते.

तुमची,
वहिनी

२१ ऑगस्ट

प्रिय भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. दोनच ओळी. "वहिनी, माझ्या चुकीचा त्रास तुम्हाला अजून भोगावा लागतोय, माफ करा. मी कुणाशी काही बोलणार नाही."

मी ते कार्ड सकाळपासून चार वेळा वाचलं. दुपारी पुस्तकात घालून ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा काढलं. तुम्ही माफी मागावी असं माझ्या पत्रात काय होतं, ते शोधायला मी माझंच पत्र आठवून बघितलं. सापडलं. सगळं पत्रच तसं होतं.

ती मुलगी परत आली होती. या वेळी एक लांबलचक चित्र घेऊन. जेवायच्या टेबलावर पसरलं तरी टोक खाली लोंबत होतं. निळे आणि लाल पट्टे, वरून डावीकडून तिरके उतरत उजवीकडे खाली येणारे. निळा म्हणजे पूर्वेकडून येणारा वारा, लाल म्हणजे पश्चिमेकडून येणारा. साठ-सत्तर वर्षांचा वारा एका कागदावर.

तुम्ही कामावर रुजू झालात त्या आठवड्यात मी तुम्हाला हेच शिकवलं होतं, आठवतं? खाली जमिनीजवळचा वारा कसाही वागतो. पण विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना, वर वीस-तीस किलोमीटरवर, तो फार शिस्तीचा असतो. वर्षभर पूर्वेकडून वाहील, मग वर्षभर पश्चिमेकडून. एक पूर्ण फेरा सव्वादोन वर्षांच्या आसपास. आणि बदल कधी मध्येच होत नाही. नवी दिशा आधी सगळ्यात वर दिसते आणि महिन्याला एखादा किलोमीटर करत खाली उतरते. मी म्हणाले होते, हा वारा सरकारी नोकर आहे, त्याच्या बदलीचा हुकूम नेहमी वरूनच येतो. तुम्ही हसला होतात आणि वहीच्या पुठ्ठ्यावर ते लिहून ठेवलं होतंत.

त्या लांब चित्रात एके ठिकाणी पट्टे मोडलेले आहेत. लाल पट्टा खाली उतरत असताना त्याच्या बरोबर पोटात एक निळा तुकडा घुसला आहे. वर लाल, खाली लाल, मध्ये निळा. मुलीनं तिथे बोट ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, मोजमापं सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. उत्तरेकडच्या थंड प्रदेशातून लाटा आल्या आणि त्यांनी या वाऱ्याला बाजूनं धक्का दिला. वरून काही आलंच नव्हतं. जगातल्या सगळ्या केंद्रांवर दिसलं हे."

मग ती म्हणाली, "तुमच्या केंद्राची सकाळची वही याच्याशी तंतोतंत जुळते. नऊ फेब्रुवारीपासून, रोजच्या रोज. इतक्या उंच आणि इतक्या नीट नोंदी मी दुसरीकडे बघितल्या नाहीत. पण संध्याकाळच्या वहीत निळं काहीच नाही. बारा तासांनी परत लाल. असं कसं होईल?"

मी म्हटलं, चहा ठेवते. आणि आत गेले. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज काढला.

भावजी, एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. तुम्ही केंद्रावर यायच्या आधीपासून, कधीकधी, फुगा लवकर फुटला की मी वरचे आकडे आदल्या दिवसावरून घ्यायचे. कधीकधीच. नियम होता की वीस किलोमीटरच्या आत फुटला तर दुसरा सोडायचा. म्हणजे ठिणगी उडू नये म्हणून पुन्हा अंगठी-घड्याळ काढून गॅसच्या खोलीत जायचं, पुन्हा फुगा भरायचा, पुन्हा दीड तास यंत्रासमोर बसायचं. वर वारा तर महिनोन्महिने तोच. काल जे होतं तेच आज असणार. आणि असायचंही. खरंच सांगते, दुसऱ्या दिवशी फुगा नीट वर गेला की मी ताडून बघायचे, माझा भरलेला आकडा बरोबर निघायचा.

तुम्हाला वाटेल, मग त्या फेब्रुवारीतही असंच झालं असेल. हो. तसंच काहीसं.

पुढे नंतर लिहिते.

तुमची,
वहिनी

९ सप्टेंबर

भावजी,

आज धाकटीशी पाऊण तास बोलले. तुम्ही दुकानात होतात, खरंच होतात, मागून काच तुटल्याचा आवाज येत होता.

तिला बोलायला कारण लागत नाही आणि मला ऐकायला. ती हसत हसत सांगत होती. म्हणाली, "वहिनी, यांचं काय करायचं सांगा. खिडकीचं माप घेतात, लिहितात, मग परत घेतात, मग मला बोलावतात आणि म्हणतात, टेप तू वाच. मी वाचलं की माझा आकडा लिहितात, स्वतःचा खोडतात. दोन्ही सारखेच असले तरी स्वतःचा खोडतात. गिऱ्हाईक हसतं. नऊ वर्षं झाली, मी माहेरी गेले की दुकान बंद ठेवतात. म्हणतात, माझी नजर खात्रीची नाही."

मी पण हसले. फोन ठेवला आणि मग पलंगावर बसून राहिले. तुमचे दादा म्हणाले, "काय झालं, तोंड का असं?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

तुमची नजर खात्रीची नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं, ते मला माहीत आहे.

गेल्या पत्रात मी "कधीकधी" असं लिहिलं. ते खोटं होतं. आठवड्यातून तीनदा, कधी चारदा. अकरा वर्षं. तेव्हाचे फुगे स्वस्तातले होते, अठरा-एकोणीसवर पटकन फुटायचे. तुम्ही सकाळी तासभर आधी येऊन तुमचा फुगा गरम पाण्यात ठेवायचात, हातानं चोळून मऊ करायचात, म्हणून तुमचा पंचवीसच्या वर जायचा. मी ते करत नव्हते. कारण काही मोठं नव्हतं हो. घरी कुणी आजारी नव्हतं, मुलांचा अभ्यासही नव्हता. कंटाळा यायचा. साडेपाचला फुगा सोडला की सातला घरी असावं असं वाटायचं. यापलीकडे कारण शोधून बघितलं, मिळालं नाही.

नऊ फेब्रुवारीला तुम्ही तुमची वही घेऊन माझ्या टेबलाशी आलात. साडेबावीसच्या आसपास वारा उलटा दिसतोय म्हणालात. तीन वेळा गणित केलं होतंत. आदल्या संध्याकाळची माझी वही उघडून बघितलीत, तिथे पश्चिमेचा. त्या संध्याकाळचीही मी भरली, पश्चिमेचा. दहाला तसंच. अकराला तसंच. सकाळी पूर्व, संध्याकाळी पश्चिम. तो वारा बारा तासांत दिशा बदलत नाही, हे मीच तुम्हाला शिकवलेलं. तेव्हा दोघांपैकी एक जण खोटं लिहीत होतं, हे केंद्रातल्या शिपायालाही कळलं असतं.

वरच्या कचेरीतून विचारणा आली. साहेबांनी सरळ सांगितलं, वरून उतरल्याशिवाय वारा मध्येच उलटत नाही. एक तर अँटेना भलत्या दिशेला अडकली असेल, नाही तर सकाळचा हंगामी माणूस आकडे मनानं भरतोय. मनानं भरतोय. हे वाक्य साहेब माझ्यासमोर बोलले आणि मी मान हलवली.

तुम्ही म्हणालात, "वहिनी, तुमच्या संध्याकाळच्या कागदी पट्ट्या काढू या. यंत्र दर मिनिटाला फुग्याचा कोन छापतं, त्यात सगळं दिसेल." मी म्हटलं, जुन्या पट्ट्या रद्दीत गेल्या. त्या रद्दीत गेल्या नव्हत्या, माझ्या पाठीमागच्या कपाटात होत्या. तुम्ही जेवायला गेलात आणि मी त्या रद्दीच्या पोत्यात घातल्या. कारण पट्ट्या एकोणीसवर संपत होत्या आणि वहीत मी सव्वीसपर्यंत लिहिलं होतं.

एप्रिलमध्ये तुम्ही कायम होणार होतात. मलाही प्रमुखपद मिळणार होतं.

आता लिहून झालं आहे. पाकिटही तयार आहे. बघते.

११ सप्टेंबर

पाकीट घेऊन कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत गेले होते. पेटीवर वेळा लिहिलेल्या असतात त्या सगळ्या वाचल्या. मग भाजी घेऊन घरी आले. पत्र कपड्यांच्या खणात आहे.

२७ सप्टेंबर

प्रिय भावजी,

या पाकिटात दोन पत्रं आहेत. आधी नऊ सप्टेंबरचं वाचा. ते मी तेव्हा टाकलं नाही. भीती वाटली. तुम्ही मला काय म्हणाल याची नाही, तुम्ही मला काहीच म्हणणार नाही हे मला ठाऊक आहे. तुमचे दादा काय म्हणतील याची वाटली.

झालं असं. ती मुलगी तिसऱ्यांदा आली आणि म्हणाली, सकाळच्या निरीक्षकाचा पत्ता हवाच आहे, त्यांचं नाव माझ्या लेखात घालायचं आहे. मी पत्ता दिला. माझे दीर आहेत, हेही सांगितलं. तिनं भुवया वर केल्या. मला वाटलं, चला, आता तिच्याच तोंडून तुम्हाला कळेल की तुम्ही बरोबर होतात, आणि मला काही लिहावं लागणार नाही. बघा, किती हिशेबी मन आहे माझं.

काल तिचा फोन आला. गोंधळली होती. म्हणाली, "मावशी, मी त्यांना सगळं समजावलं. चित्र पाठवलं. जगभरच्या नोंदी दाखवल्या. ते म्हणाले, बाकीच्या ठिकाणी झालं असेल, पण माझी नोंद चुकीची होती, तुम्ही ती वापरू नका. मी विचारलं, तुम्हाला इतकी खात्री कशी? तर म्हणाले, माझ्या वहिनींनी त्याच संध्याकाळी स्वतः तपासलं होतं. त्या खोटं सांगणार नाहीत."

भावजी, सगळं जग एकीकडे आणि वहिनी एकीकडे, आणि तुम्ही वहिनीचं खरं मानलंत. हे ऐकून मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले ती उठलेच नाही. दुधाचं पातेलं करपलं, त्याचा वास येऊन तुमचे दादा आले.

तेव्हा आता उरलेलं सांगते. नऊ सप्टेंबरच्या पत्रातही मी एक गोष्ट लपवली आहे, तीच सगळ्यात वाईट आहे.

तेरा फेब्रुवारीला सकाळची पाळी संपली असूनही तुम्ही दुपारी पुन्हा केंद्रावर आलात. म्हणालात, "वहिनी, आजचा तुमचा फुगा मी तयार करतो. उंच जाईल. तुमच्या डोळ्यांनी बघा म्हणजे मिटलं." दोन तास पाण्याशी बसलात. बोटं पांढरी पडली होती. गॅस तुम्ही भरलात, दोरा तुम्ही बांधलात. साहेबांनी सांगितलं होतं की तपासणी चालू असताना सकाळचा माणूस संध्याकाळी यंत्राच्या खोलीत नको, म्हणून फुगा सुटल्यावर तुम्ही बाहेर फाटकापाशी जाऊन उभे राहिलात.

तो फुगा सत्तावीस किलोमीटरच्या वर गेला. माझ्या नोकरीतला सगळ्यात उंच. मी आत एकटी होते. यंत्र टकटक करत कोन छापत होतं आणि मी मिनिटामिनिटाला गणित करत होते. एकवीसपर्यंत पश्चिमेचा. मग वारा मंदावला. मग फिरला. साडेबावीसला पूर्वेचा, स्वच्छ, शंका घ्यायला जागाच नाही. पुढे पंचवीसच्या वर परत पश्चिमेचा. तुम्ही चार दिवस जे म्हणत होतात ते जसंच्या तसं.

मी ते बघितलं, भावजी. चूक झाली नव्हती माझी. अंदाज नव्हता. मी बघितलं.

आणि मग मला आधीच्या चार संध्याकाळी दिसल्या. आज पूर्व लिहिलं की कालचं पश्चिम कुठून आलं, असा प्रश्न आला असता. मग अकरा वर्षांचं सगळं उघडं पडलं असतं. मी वहीत पश्चिम लिहिलं. पट्टी फाडून पर्समध्ये टाकली आणि बाहेर आले.

तुम्ही फाटकापाशी होतात. म्हणालात, "काय दिसलं? तुम्ही सांगाल ते मी मानीन."

मी म्हटलं, "पश्चिमेचाच दिसला."

तुम्ही थोडा वेळ वर बघितलंत. मग म्हणालात, "मग माझंच काहीतरी चुकत असणार." आणि दुसऱ्या दिवशी तेच कागदावर लिहून, सही करून साहेबांना दिलंत. पुढच्या आठवड्यात तुमचं सामान बांधायला मीच मदत केली. डब्यात पोळ्या भरून दिल्या. तुम्ही वाकून नमस्कार केलात आणि म्हणालात, तुमचं नाव खराब केलं मी.

वर्ष सरता सरता खात्याच्या पत्रिकेत बारीक अक्षरात बातमी आली होती, वरचा वारा मध्येच उलटल्याची. ती वाचणारी मी एकटीच असेन. पान दुमडून ठेवलं. त्यानंतर आठ वर्षं मी तुम्हाला रोज कळवू शकत होते. एक कार्ड पुरलं असतं.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर हे सगळं तुमच्या दादांना सांगितलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "तू मला नऊ वर्षं त्याच्यावर रागावू दिलंस." मग उठून बाहेरच्या खोलीत गेले. आज सकाळपासून आमच्यात कामापुरतं बोलणं आहे. हे व्हायलाच हवं होतं.

आज केंद्राला आणि वरच्या कचेरीला माझा लेखी जबाब पाठवला. एक प्रत या पाकिटात आहे. अकरा वर्षांच्या संध्याकाळच्या नोंदींपैकी वीस किलोमीटरच्या वरचं काहीच धरू नये, असं मी लिहिलं आहे. कुठला आकडा खरा आणि कुठला उचललेला, ते आता मलाही ओळखता येत नाही. मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माझं दोन वर्षांचं काम त्या वह्यांवर होतं." तिचीही माफी मागितली. तिनं दिली नाही, आणि मला ते बरं वाटलं.

तुमच्याकडे माफी मागायला तोंड नाही. मागत नाही. तुमचं बरोबर होतं, एवढं मात्र शंभर वेळा लिहायला तयार आहे.

वहिनी

१६ ऑक्टोबर

प्रिय भावजी,

धाकटीचा फोन आला. तुम्ही पत्रं दुकानात वाचलीत, तिथेच परत वाचलीत आणि शटर अर्धं ओढून बसलात, असं म्हणाली. दोन दिवस जेमतेम जेवलात. ती माझ्यावर चिडली आहे. मला पहिल्यांदाच "अहो वहिनी" न म्हणता नुसतं "तुम्ही" म्हणाली. तिचं काही चुकलं नाही, समजावत बसू नका.

तुमचे दादा तिच्याशी बोलले. मग तुमच्याशीही बोलले म्हणे, गच्चीवर जाऊन, मला ऐकू येऊ नये म्हणून. खाली आले तेव्हा डोळे लाल होते. पुढच्या आठवड्यात ते तुमच्याकडे येत आहेत. एकटेच. मी तिकीट काढून दिलं.

धाकटीनं तुमचा निरोप सांगितला. "माफीचं नंतर बघू. त्या संध्याकाळी पट्टीवर काय होतं तो आकडा हवा. नुसतं पूर्वेचा असं नको, आकडा." ती म्हणाली, यांचं डोकं ठिकाणावर नाही, एवढं सगळं झालं आणि यांना आकडा पाहिजे. मला कळलं तुम्हाला काय पाहिजे ते. मी तिला समजावलं नाही, जमलंही नसतं.

पट्टी मी त्याच दिवशी घरी येऊन जाळली. आकडा मी कधी कुठे लिहिला नाही, पण तो गेला नाही. रोज येतो. भाजी चिरताना येतो, बँकेच्या रांगेत येतो. लिहिते.

तेरा फेब्रुवारी, संध्याकाळ. फुगा सुटला पाच बत्तीसला. पंच्याहत्तरावं मिनिट. उंची साडेबावीस किलोमीटर. वारा अठ्ठ्याऐंशी अंशांवरून, म्हणजे थेट पूर्वेला दोनच अंश कमी, सेकंदाला अकरा मीटर. पुढची तीन मिनिटं तोच, फरक एखाद्या अंशाचा.

त्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच उंचीवर लिहिलं होतंत, नव्वद अंश, अकरा मीटर.

भावजी, हा आकडा खरा आहे याला पुरावा नाही. फक्त माझा शब्द आहे, आणि माझ्या शब्दाचं काय होतं ते तुम्ही नऊ वर्षं भोगलं आहे. तेव्हा या वेळी तो मानू नका. वहिनी म्हणते म्हणून तर मुळीच नको.

मुलीकडून तुमच्या सकाळच्या वहीतल्या त्या पानाची प्रत मागून घेतली आहे, ती सोबत आहे. तुमचं अक्षर अगदी स्पष्ट आलं आहे. आकड्यांवरून एक आडवी रेघ गेलेली दिसेल आणि शेजारी "चूक" असं लिहिलेलं. ती रेघ मी मारली, तो शब्द माझा. त्या रेघेखाली जे लिहिलं आहे ते सगळं बरोबर आहे.

वहिनी